उभ्यांचं दुखणं

६ जानेवारी

काय कपाळ माझं! आज चहाच्या टपरीवर देवस्थान कमिटीचा सेक्रेटरी सगळ्यांदेखत म्हणतो, "या रावुण्णीकडे बघा. एवढा मोठा चेंडा ढोल वाजवणारा, पण मुंडू कधी दुमडत नाही. समोर कालचं पोरगं असलं तरी मुंडू खाली! याला म्हणतात विनय."

विनय कसला डोंबलाचा! इथले सगळे पुरुष कमरेचा पांढरा मुंडू अर्धा दुमडून गुडघ्यावर खोचतात आणि वडीलधारं माणूस समोर आलं की झटकन खाली सोडतात. मी दोन वर्षं दुमडतच नाही, कारण दुमडला तर डाव्या पोटरीवरचे निळे-हिरवे दोर जगाला दिसतील. गुडघ्यामागून निघालेत ते वळसे घेत घोट्यापर्यंत. घोट्याच्या आतल्या अंगाला कातडी काळपट पडलीय, करपलेल्या अप्पमच्या कडेसारखी. आणि खाज! टपरीवर माझ्या विनयाचं कौतुक चाललं होतं तेव्हा मी बाकाखाली एका पायाने दुसरा पाय खाजवत होतो.

तंकमणीला घरी येऊन सांगितलं, तर ती पोट धरून हसली. बायको असली तरी काही मर्यादा?

७ जानेवारी

ठरलं! आज ठरलं!

तालीम संपल्यावर आशान पंचा खांद्यावर टाकत म्हणाले, "यंदा पूरमच्या उत्सवात माझ्या उजवीकडे रावुण्णी." बस्स. एवढंच बोलून आत गेले. आशान असेच. आम्हा सगळ्यांना शिकवलं त्यांनी, सत्तरी उलटली तरी कुरिंजीकावच्या देवळात आमचा मेळम, चेंडे-शिंगं-झांजा सगळं, त्यांच्याच काठीवर चालतो. पुढच्या रांगेत मधोमध ते. आणि त्यांच्या उजव्या हाताला जो उभा राहतो त्याच्याकडे पुढेमागे सगळी रांग येते. आजवर तिथे शंकरनकुट्टी होते. गेल्या पावसाळ्यात त्यांचा हात थरथरायला लागला.

मी मिसरूड फुटायच्या आधीपासून ही जागा बघत आलोय. मागच्या रांगेतून बघितली, मग पुढच्या रांगेच्या टोकाला उभं राहून बघितली. आता पन्नाशी उलटल्यावर माझी!

माझ्याच रांगेतल्या प्रभाकरनचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. हात छान आहे त्याचा, नाही म्हणत नाही. पण जीभ हातापेक्षा जलद. "अभिनंदन रावुण्णीचेट्टा! इतका वेळ उभं राहवेल ना?" सहज म्हणाला की याला काही कळलंय? दिवसभर तेच डोक्यात.

तंकमणीने गोडाचं पायसम केलं. वाटी हातात देताना नजर माझ्या पायावर.

"आणि हा? हा राहील उभा?"

"राहील. नाही राहिला तर तोडून टाकीन."

"तोडा. मग उजवीकडे कुबडी घेऊन उभे राहा."

११ जानेवारी

पाय शिशाचा झालाय. संध्याकाळी चपलेचा पट्टा लागेना. चप्पल भिरकावून दिली, ती विहिरीत पडता पडता राहिली.

१२ जानेवारी

आशानना म्हटलं, पायात जरा पेटके येतात. दुखणं सांगितलं नाही, पेटके म्हटलं. ते म्हणाले, "गरम तेल लाव आणि वरून खाली रगड. आणि पायांकडे एवढं लक्ष कशाला? मेळम हातात असतो."

रगडलं. जीव खाऊन रगडलं. पाय आणखी सुजला!

१६ जानेवारी

तंकमणीने शेवटी धरूनच नेलं. त्रिशूरला, लिस्सी डॉक्टरकडे. शिरांच्या डॉक्टर. बाई ठेंगणी, चष्मा कपाळावर, बोलणं फाडफाड.

"काय काम करता?"

"चेंडा."

"म्हणजे उभं राहण्याचं काम."

"नाही हो, वाजवण्याचं!"

"हातांचं मला काय करायचंय? पाय काय करतात ते सांगा."

पाय काय करणार! पाय उभे राहतात. तासन्‌तास, एका जागी, अनवाणी, दगडी फरशीवर, खांद्याला चेंड्याचं ओझं. आमच्या आशानच्या शिकवणीत पाय हलवायचाच नाही. दुसऱ्या गावचे वादक डुलतात, टाचा उचलतात, गुडघे वाकवतात. आम्ही खांब. हे मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे रोखून बघितलं.

मग समजावून सांगितलं. मला वाटायचं रक्त कमी पोचतं म्हणून पाय असा झाला. उलटंच आहे! रक्त खाली येतंय बरोबर, वर परत जात नाही. पोटरी आवळली की रक्त वर ढकललं जातं आणि शिरेतल्या बारीक झडपा त्याला परत खाली येऊ देत नाहीत. माझ्या झडपा सैल पडल्यात. रक्त खालीच साठतं, शीर फुगते, कातडी काळी पडते, खाजते, पुढे जखम होते आणि मग ती बरी व्हायचं नाव घेत नाही. "विहिरीवर पंप आहे तुमच्या? तसा पोटरीचा पंप. तुम्ही खांब होऊन उभे राहता, म्हणजे पंप बंद. त्यात झडपा गळक्या. पाणी वर चढेल कसं?"

मला उभं करून पायाला गार चिकट काहीतरी लावलं आणि यंत्र फिरवलं. यंत्रातून आवाज येतो रक्ताचा. बाईंनी पोटरी दाबली की एक सूंऽ, आणि सोडली की दुसरा सूंऽ, लांबलचक, उलटा. तो दुसरा असायलाच नको. मला न सांगता कळलं. जन्मभर तालात काढला आणि माझंच रक्त बेताल!

घोट्याला पट्टा बांधून दाबही मोजला. रक्त खाली नेणाऱ्या धमन्या धड आहेत की नाही हे बघितल्याशिवाय घट्ट मोजा द्यायचा नसतो, नाहीतर पायाचंच वाटोळं. धमन्या धड निघाल्या. बिडी सोडली ते बरं केलं.

उपाय? लेझरने ती बिघडलेली शीर आतून बंद करायची. रक्त बाकीच्या चांगल्या शिरांमधून वाट काढतं. त्याच दिवशी चालत घरी. पण पुढे काही आठवडे तासन्‌तास उभं राहणं बंद.

"पूरमनंतर करू," मी म्हटलं.

"पूरम दरवर्षी येतं."

"माझं यंदा आलंय."

बाईंनी तंकमणीकडे बघितलं, तंकमणीने छताकडे. तोवर मोजे, चालणं, झोपताना पाय उशीवर. आणि घोट्याजवळच्या जांभळ्या फोडावर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे शिरेवरची कातडी कागदासारखी झालीय. फुटला तर दुखणार नाही, तुम्हाला कळणारही नाही, पण रक्त थांबायचं नाही. तेव्हा खुर्चीवर बसायचं नाही. जमिनीवर सपाट झोपायचं, पाय छातीपेक्षा खूप वर, आणि दाबून धरायचं. सारखं उघडून बघायचं नाही. पाठ झालं? म्हणून दाखवा."

म्हणून दाखवलं. शाळेतल्यासारखं. वैताग!

१८ जानेवारी

मोजा! ज्याने कुणी हा मोजा शोधून काढला त्याने तो स्वतः कधी घालून बघितलाय का?

सकाळी अंथरुणातून उठायच्या आधीच घालायचा, पाय सुजायच्या आत. एवढासा दिसतो, बाहुलीचा असावा तसा. मी उताणा, पाय वर. तंकमणी दोन्ही हातांत रबरी हातमोजे घालून ओढतेय. मी "आई गं" म्हणून ओरडतोय. शेजारची भार्गवी दार ढकलून आत आली आणि तश्शीच मागे फिरली. आता गावभर काय सांगत सुटेल देव जाणे.

पण एक कबूल करतो. दुपारपर्यंत पाय हलका होता.

२५ जानेवारी

मोजा घामाने घसरतो. वरची कड गुंडाळून गुडघ्याखाली बसवली. हुशारी केली म्हणायची. संध्याकाळी पाय भोपळ्यासारखा.

लिस्सी डॉक्टरना फोन केला तर फोनवरच हजेरी घेतली. "गुंडाळलेली कड म्हणजे पायाला फास! खालचं रक्त वर यायचं कुठून? मोजा सरळ, सुरकुती न पडता वर ओढायचा. एवढं कळत नाही?"

नाही कळत! मी चेंडा वाजवतो!

२ फेब्रुवारी

आज धाकट्या देवळात मेळम होता. मुंडूच्या आत मोजा घालून गेलो. कातडीच्या रंगाचा आहे, बोटं उघडी असतात, कुणाला काय दिसणार? दारावरच्या रखवालदाराला दिसलं! "चेट्टा, पायात काय ते? मोजे? आत नाही चालत." मागे पन्नास माणसं थांबलेली. मी हळूच म्हटलं, औषधाचा आहे बाबा. तर हा बेंबीच्या देठापासून, "औषधाचा असला तरी मोजाच ना!"

कोपऱ्यात जाऊन काढला. घालायला दोन माणसं लागतात, काढायला एकटा मी, एका पायावर, भिंतीला धरून. मग खांब होऊन उभा राहिलो. लयीचा पहिला काळ सर्वांत संथ, सर्वांत लांब. एकेक ठोका घोट्यात वाजत होता.

३ फेब्रुवारी

पाय वर. दिवसभर पाय वर. तांदळाची कंजीसुद्धा आडवा पडून प्यालो, अर्धी नाकात गेली.

१३ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाल्या होत्या, मोजा नाही तर निदान टाचा उचला, पंप चालू ठेवा. आज तालमीत करून बघितलं. ठोक्यागणिक टाच किंचित वर, खाली. कुणाला कळणार नाही एवढंच. आणि काय सांगू, खरंच बरं वाटलं! पायातला जडपणा ओसरत होता.

आणि प्रभाकरन खिंकाळला, "अरे बघा! रावुण्णीचेट्टांनी मोहिनीआट्टम सुरू केलं!"

सगळे हसले. आशान हसले नाहीत. काठी थांबवली. "रावुण्णी. पाय नाचले की कान जातो. उजवीकडे मला माणूस हवाय, झोका नकोय."

मी मान खाली घातली. पाय सडत चाललाय म्हणून सांगू? सांगितलं की जागा गेली. तिथल्या तिथे प्रभाकरनची.

घरी येऊन तंकमणीवरच ओरडलो. मीठ जास्त, पापडम मऊ, काहीच्या काही. ती शांतपणे म्हणाली, "आशानना सांगा. माणूस आहेत ते, देव नाहीत."

"माणसालाच तर सांगता येत नाही."

"मग देवाला सांगा. तो तरी कुठे बसलाय, तोही उभाच आहे देवळात."

या बाईशी वाद घालण्यात अर्थ नाही.

२२ फेब्रुवारी

आशान अचानक घरी आले! मी भिंतीला पाय लावून आडवा. गुरू दारात आणि माझी पावलं त्यांच्या तोंडासमोर! ताडकन उठलो, डोळ्यांपुढे अंधारी आली. "कंबर धरलीय," म्हटलं.

"बसायची सवय लावून घेऊ नकोस," म्हणाले. "आपण उभी माणसं." स्वतः बसले नाहीतच. ताक उभ्यानेच प्यायले आणि गेले. त्यांनीही कधी मुंडू दुमडल्याचं मला आठवत नाही. त्यांचं बघूनच माझं खपून जातं म्हणा. गुरूसारखा चेला, म्हणतात लोक.

या वयात त्यांचं सगळं कसं धडधाकट! मलाच मेलं हे कुठून लागलं?

९ मार्च

फोड मोठा झालाय. बघत नाही त्याच्याकडे.

२० मार्च

लिस्सी डॉक्टर म्हणाल्या, "अजून वेळ गेलेली नाही. उद्या या." मी म्हटलं, पूरम आठवड्यावर आलंय. त्या म्हणाल्या, "तुमच्यासारखा हट्टी पेशंट दुसरा नाही." मी म्हटलं, आमच्या आशानना भेटला नाहीत तुम्ही.

फोडावर जाड घडी ठेवून पट्टी कशी बांधायची ते शिकवलं. कापडी पट्टीला देवळात कुणी हरकत घेणार नाही. पूरमनंतरच्या दुसऱ्या सोमवारी लेझर. तंकमणीने माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. तिच्या नाही, माझ्या!

२७ मार्च

उद्या. जेवण गेलं नाही. काठ्या पुसून ठेवल्या. एवढीच प्रार्थना की मेळम संपेपर्यंत हा पाय टिकू दे. मग याचं काय व्हायचं ते होवो.

२९ मार्च

काल लिहिता आलं नाही. सरळ क्रमाने लिहितो, नाहीतर डोक्यात तेच ते फिरत राहील.

दुपारी उभे राहिलो. समोर हत्ती, मधे शिंगं आणि सनया, मागे झांजा, माणसांचा समुद्र. मी आशानच्या उजवीकडे. पहिला ठोका पडला आणि अंगावर काटा आला. पाय विसरलो, खरंच विसरलो! पहिला काळ कधी सरला कळलं नाही. आशानची काठी अशी पडत होती की माझी आपोआप तिच्या मागे जात होती. याच्यासाठीच सगळं आयुष्य उभा राहिलो, असं वाटलं.

दुसऱ्या काळात तळव्याला कोमट ओलं लागलं. घाम असेल. मग चिकट लागलं. खाली बघितलं तर फरशी लाल! फुटला, माझा फोड फुटला! डॉक्टरांचं सगळं आठवलं. काठी न थांबवता मुंडू जरा उचलून घोटा बघितला. पट्टी कोरडी. पांढरी शुभ्र.

मग रक्त कुणाचं?

आशानच्या मुंडूची सोनेरी कड लाल झाली होती. ठोका पडतोय आणि खालून पिचकारी उडतेय. त्यांना पत्ताच नाही! मी "आशान!" म्हटलं. त्यांनी खाली बघितलं, मग माझ्याकडे, आणि भुवईने खूण केली: वाजव. चालू ठेव.

आणि मी वाजवलं. चार-सहा आवर्तनं वाजवत राहिलो, हे लिहायलाच हवं. आपल्या देवळात मेळम मधे कधी थांबलेला नाही. हत्ती बिथरला तेव्हाही थांबला नव्हता. मग आशानचा ठोका चुकला. जन्मात पहिल्यांदा चुकला! ओठ पांढरे पडले होते. मी काठी टाकली.

मी त्यांना धरलं तोवर प्रभाकरन ओरडतोय, "खुर्ची! खुर्ची आणा! आशानना बसवा!" दहा जण खुर्चीसाठी धावले. कुणी पाणी आणतंय, कुणी पंख्याने वारा घालतंय. मी ओरडलो, "बसवायचं नाही! आडवे करा!" कुणी ऐकेना. दोघांनी काखेत हात घालून त्यांना खुर्चीत टेकवलंसुद्धा, आणि रक्ताचा जोर वाढला. मी खुर्चीला लाथ मारून ती पाडली. आशानना फरशीवर सपाट निजवलं. मुंडू वर सारला.

देवा रे! माझा पाय काहीच नाही. दोन्ही पायांवर गाठीच गाठी, घोट्याभोवती जुन्या जखमांचे व्रण, काळी, लाकडासारखी कातडी. किती वर्षं? किती वर्षं हे घेऊन उभे होते?

पाय वर हवा, छातीपेक्षा वर. ठेवायचा कशावर? आजूबाजूला माणसंच माणसं आणि फरशी. मी माझा चेंडा खांद्यावरून काढला, आडवा ठेवला आणि त्यावर त्यांचा पाय ठेवला. आणि अंगठा दाबून धरला, जीव एकवटून.

गर्दीतून असा आवाज आला, जसं कुणी देवाच्या मूर्तीवर हात उगारलाय. चेंड्यावर पाय! ज्याला रोज नमस्कार करून हात लावायचा, चुकून पाय लागला तर डोळ्यांना बोटं लावायची, त्यावर मी पाय ठेवला.

आशान पुटपुटले, "चेंडा... पाय काढ."

"नंतर मारा मला, आशान. आता हलू नका."

मागच्या रांगांना कळायला वेळ लागला. शिंगं वाजत राहिली, मग एकेक गळत गेलं. झांजा थांबल्या. एवढ्या माणसांत फक्त हत्तीच्या साखळीचा आवाज. मी अंगठा उचलला नाही, जीपमध्येही नाही. इस्पितळात टाके घातले, रक्त चढवलं. वाचले.

३१ मार्च

वाचले, पण माझं काही खरं नाही.

अंगणात रक्त सांडलं म्हणून देऊळ बंद, शुद्धी झाली, मग एकच हत्ती मुकाट्याने प्रदक्षिणा घालून गेला. मेळमशिवाय पूरम! गावाने असं कधी बघितलं नव्हतं. कमिटीचा तो सेक्रेटरी, माझ्या विनयाचा भक्त, आज रस्ता बदलून गेला.

प्रभाकरन टपरीवर म्हणाला म्हणे, "आशानना बाजूला नेलं असतं, मी मेळम पुढे नेला असता. उजवीकडच्यानेच काठी टाकली तर रांग उभी राहील कशी? आणि चेंड्यावर पाय ठेवायची अक्कल कुणाची?" गंमत म्हणजे पहिलं खोटं नाही. नेला असता त्याने. आणि आशान खुर्चीत बसल्या बसल्या गेले असते.

३ एप्रिल

आशान इस्पितळातून घरी आले. भेटायला गेलो. त्यांच्या बहिणीने दारातच सांगितलं, "आज नको, रावुण्णी."

५ एप्रिल

आज पण नको.

६ एप्रिल

लेझर झाला. पायभर सुया टोचल्या तेवढं झोंबलं, मग काही कळलं नाही. फोडात औषधाचा फेस भरला. पट्टी, मोजा, आणि "चला, चालायला लागा!" बाईंनी मला दवाखान्याच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालायला लावल्या. मी म्हटलं, आता उभं राहायचंय कुठे? जागा गेली. एका दमात त्यांना सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "खुर्ची पाडलीत ते उत्तम केलंत." पूरमपासून मला दुसरं कुणी बरं बोललेलं नाही.

८ एप्रिल

परत गेलो. बहीण म्हणाली, "तो म्हणतो, भेटायचं नाही." या वेळी 'आज' म्हटलं नाही.

राग आला! येणारच! चाळीस वर्षं पायाशी बसून शिकलो. बसून कसलं, उभं राहून. माझा अंगठा नसता तर हा माणूस आज 'भेटायचं नाही' म्हणायलाही नसता. आणि दुखणं लपवलं त्यांनी! माझ्याकडून, सगळ्यांकडून. मला म्हणे तेल रगड. म्हणे आपण उभी माणसं. काय मिळवलं खांब होऊन?

आणि मी तरी काय वेगळं करत होतो! यानेच जास्त चीड येते.

१४ एप्रिल

विषू. नव्या वर्षाचा दिवस. पहाटे तंकमणीने डोळे झाकून देवासमोर नेलं. वर्षाचं पहिलं दर्शन म्हणजे कणी: पिवळी फुलं, आरसा, काकडी, सगळं मांडलेलं. शेजारी माझा चेंडा ठेवला होता तिने. धुऊन पुसून. मी तोंड फिरवलं. तिने पुट्टू वाढलं.

पाय मात्र हलका आहे. कशासाठी, कुणास ठाऊक.

१९ एप्रिल

तालमीला बोलावणं नाही. वारा असला की आशानच्या पडवीतले ठोके इथवर ऐकू येतात. उजवीकडे कोण आहे ते ऐकूनच कळतं. प्रभाकरन नाही. कुणीच नाही. एका हाताचा आवाज कमी आहे.

आज मात्र ठोके ऐकूच आले नाहीत.

२४ एप्रिल

पाय दाखवायला दवाखान्यात गेलो. बाहेरच्या बाकावर बघतो तर अख्खी पुढची रांग! मधोमध आशान, शेजारी काठी. बाकावर बसलेले. बसलेले! नर्स म्हणाली, "हे आजोबा सगळ्यांना घेऊन आलेत. एकेकाचे पाय तपासा म्हणतात." प्रभाकरन मला बघून घाईघाईने, "मी आपला सोबतीला आलोय, चेट्टा," म्हणतोय तोवर आतून त्याचंच नाव पुकारलं. बाक गच्च भरला होता, फक्त आशानच्या उजवीकडे त्यांचा पंचा पसरलेला. एक म्हातारी तिथे टेकायला गेली तर तिला म्हणाले, "तिथे माणूस आहे." माझ्याकडे बघितलं नाही. पंचा उचलून खांद्यावर टाकला. मी बसलो.